खळं आणि धावपट्टी

"आखणी म्हणजे रेघ ओढणं, असं तुला कुणी शिकवलं?"

तात्यांनी हे विचारलं तेव्हा आम्ही दोघं वस्तीमागच्या जुन्या खळ्याच्या कडेला बसलो होतो. चैत्रातली संध्याकाळ होती, जत्रा दोन दिवसांवर आलेली. पश्चिमेकडून वारा सुटला होता आणि त्या वाऱ्याला तोंड देत एक विमान आमच्या डोक्यावरून काकडीच्या माळाकडे उतरत गेलं. १ ऑक्टोबर २०१७ ला तिथं शिर्डीचा विमानतळ सुरू झाला, त्या आठवड्यात वस्तीवरची सगळी माणसं गच्चीवर चढून बसायची. आता कुणी मान वर करत नाही.

तात्या माझे थोरले चुलते. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. अकोल्याच्या डोंगरांपासून जामखेडच्या माळापर्यंत या जिल्ह्यातले किती बांध त्यांच्या साखळीखालून गेले याची मोजदाद नाही. मी स्थापत्य अभियंता आहे, रस्ते आणि धावपट्ट्यांच्या थरांचं काम करते. जुन्या विमानतळांच्या रचनेवर विद्यार्थ्यांसाठी काही लिहायला घेतलं होतं. त्याचं पहिलंच वाक्य तात्यांनी चष्मा लावून वाचलं आणि वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. वाक्य असं होतं : 'सुरुवातीच्या विमानतळांना आखणी नव्हती, होतं ते नुसतं मैदान.'

"यात चूक काय आहे, तात्या? १९११ च्या फेब्रुवारीत अलाहाबादहून आंरी पेके नावाचा फ्रेंच वैमानिक टपालाची थैली घेऊन यमुनेपलीकडे नैनीला उतरला. जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल ते. विमान उडालं ते मैदान काही विमानासाठी तयार केलेलं नव्हतं. बर्लिनचं टेम्पलहोफ बघा, मूळचं पलटणीच्या कवायतीचं मैदान. मिळाली मोकळी जागा, उतरवलं विमान. याला आखणी कसं म्हणायचं?"

"कवायतीच्या मैदानावर का उतरले? शेजारच्या शेतात का नाही उतरले?"

"शेतात नांगरट असते, बांध असतात."

"म्हणजे बघून घेतलं. नको ते वगळलं. मग नुसतं मैदान कसं?" तात्यांनी बसल्या जागेवरून समोरच्या खळ्याकडे हात केला. "हे खळं कुणी आखलं?"

"आजोबांनी. खुंटी ठोकून दोरीनं गोल मारला असेल."

"गोल शेवटी मारला. आधी दोन दिवस नुसते फिरत होते वडील या माळावर. मी लहान होतो, पाठी पाठी हिंडायचो. खाली काळी जमीन होती, ती घेतली नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अवकाळी आला की चिखल. चढावरचा हा मुरूम घेतला, पाणी थांबत नाही म्हणून. तिकडे लिंबाचं झाड होतं. सावली बरी होती, पण झाडाच्या आडोशाला वारा गिरक्या घेतो, उपणताना भूस दाण्यातच पडतं. म्हणून झाडापासून लांब. घर पूर्वेला ठेवलं, पश्चिम मोकळी. मग खुंटी ठोकली. आता सांग, यातली आखणी कुठली? दोरी फिरवली तेवढीच?"

मळणीयंत्र आल्यापासून त्या खळ्यावर बैलांची पात फिरलेली नाही. मधला तिवडा, म्हणजे पात बांधायचा खांब, कधीच उपटला गेला, तिथं एक खळगा राहिलाय. पण जमीन अजून आजूबाजूपेक्षा टणक आहे, गवत विरळ उगवतं. वर्षानुवर्षं पाणी मारून, चोपून, शेणानं सारवून जो थर बसला तो मोडलेला नाही. माझ्या धंद्यात यालाच दबाई म्हणतात आणि त्यासाठी आम्ही कित्येक टनांचे रोलर फिरवतो. हे मी तात्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बैलांचे खूर काय कमी असतात?"

मी हरले नव्हते, पण एक गोष्ट मला मान्य करावीच लागली. पहिल्यावहिल्या विमानतळांचा आकार चौकोनी, गोल किंवा गोलाच्या जवळचा असायचा, धावपट्टी नसायची, याला कारण होतं. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि वाऱ्याला तोंड देऊनच उठतं. समोरून वारा आला की जमिनीवरचा वेग कमी लागतो, धाव आखूड होते. त्या वेळची विमानं इतकी हलकी होती की बाजूनं आलेला वारा पंखाखाली शिरून त्यांना कलंडवायचा. चाकांना बहुधा ब्रेक नसायचे. शेपटाखालचा दांडा मातीत घासत जायचा आणि विमान थांबायचं. असं विमान कोणत्याही दिशेला तोंड करून उतरवता आलं पाहिजे, म्हणून जागाही सगळ्या दिशांना सारखीच मोकळी हवी. मधे पांढऱ्या चुन्यानं मोठं वर्तुळ काढायचं, शेजारी गावाचं नाव आकाशातून वाचता येईल एवढ्या अक्षरांत, कडेला काठीवर वाऱ्याची पिशवी. हँगर मैदानाच्या कोपऱ्यात, उतरण्याच्या वाटेत येणार नाही असा. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला साधारण ६०० यार्ड लांबीरुंदीचं मैदान छोट्या विमानांना पुरेसं धरत.

"सहाशे यार्ड." तात्यांनी डोळे बारीक केले. "आपला नगरचा भुईकोट तेवढा भरेल. वाटोळाच आहे तो. परीघ एक मैलाच्या थोडा वर. म्हणजे व्यास..."

"सुमारे ५८५ यार्ड."

"हं. एका किल्ल्याएवढी मोकळी जागा. आणि त्यात कुठंच रेघ नाही."

विषय इथं संपला असता, पण मला जुहू आठवत होतं. जुहूबद्दल बोलल्याशिवाय महाराष्ट्रातल्या जुन्या विमानतळांवर बोलताच येत नाही, आणि माझ्या मते तात्यांच्या म्हणण्यातली त्रुटी तिथंच दिसते.

"निवड म्हणजेच आखणी, असं तुम्ही म्हणता ना? मग जुहू ऐका. १९२८ साली सुरू झालेलं, देशातल्या नागरी विमान वाहतुकीचं पहिलं ठिकाण. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. एका इंजिनाचं पस मॉथ विमान. तिथून पुढं बेल्लारीमार्गे मद्रासला टपाल नेलं नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. रेडिओ नाही, वाट दाखवणारी कसलीही यंत्रणा नाही. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते."

"बैलगाडीतून?" तात्यांचा चेहरा उजळला. पुढचं ऐकायला ते जरा पुढं सरकले.

"हो. पण जुहूची जागा कशी होती? समुद्राकाठची चिखलपट्टी. टाटांनी स्वतः पुढं सांगितलंय की पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीला ते मैदान पाण्याखाली जायचं. मग सगळं बिऱ्हाड उचलायचं, दोन विमानं, तीन वैमानिक, तीन मेकॅनिक, आणि पुण्याला जायचं. येरवड्याला, तुरुंगाच्या सावलीतल्या एका मैदानावर. पाऊस संपला की परत जुहू. मोकळी जागा होती, वारा समुद्रावरून सरळ यायचा, झाडं-डोंगर आड नव्हते. तुमच्या सगळ्या अटी पाळलेली जागा. आणि वर्षातले चार महिने निकामी."

तात्या गप्प झाले. मग त्यांनी विचारलं ते भूकरमापकानं विचारावं तसंच होतं : "भरतीची रेघ नकाशावर घेतली नव्हती?"

"मुंबईत तेवढी मोकळी जागा दुसरीकडे सहज मिळणार होती का?"

"ते झालं कारण. मी विचारतोय, मोजलं होतं का? पाणी कुठपर्यंत चढतं हे न बघता जमीन घेतली असेल तर ती निवड अर्धी झाली. वडील खळ्याला पाण्याचा उतार बघायचे." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि तू सांगतेस ते मला एका बाजूनं पटतंय. खळं पावसाळ्यात कोण वापरतं? सुगीपुरतं करायचं, मग मोडायचं. येरवड्याला जाणं म्हणजे खळं हलवणंच झालं."

"हाच तर मुद्दा आहे, तात्या! सुगी संपली की खळं मोडतं. टपाल मोडून चालत नाही. कराचीहून आलेलं पत्र भरती ओसरायची वाट बघत बसत नाही. बारा महिने, रोज, ठरल्या वेळेला विमान उतरायचं म्हटलं की जमीन आपण बनवावी लागते. निवडून भागत नाही. धावपट्टी त्या गरजेतून आली."

मी हे जोरात बोलले असणार, कारण घरातून चुलतीनं डोकावून पाहिलं.

दुसरी गरज वजनाची. पस मॉथ प्रवासी, पेट्रोल, टपाल असं सगळं धरून एक टनाच्या आत-बाहेर. आज काकडीला उतरतात त्या मोठ्या जेट विमानांचं कमाल वजन ७५-८० टनांच्या घरात जातं आणि ते मोजक्या चाकांवर येतं. गवताच्या मैदानावर ते चाक रुततं. आपल्याकडं तर खाली काळी माती असली की विचारूच नये. ती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि वर घातलेली फरसबंदी तिच्याबरोबर वर-खाली होऊन तडकते. म्हणून काळी माती उपसून काढायची, मुरूम भरायचा, त्यावर खडीचे थर, वर डांबर, आणि प्रत्येक थर दाबून मोजायचा. एवढा खर्च ६०० यार्डांच्या आख्ख्या गोलावर कोण करणार? मग गोलातून रेघा निघाल्या. वारा कुठूनही आला तरी एखादी रेघ त्याच्या जवळपास असावी म्हणून दोन-तीन रेघा एकमेकींना छेदून. जुहूला दोन झाल्या. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या सांताक्रूझला ब्रिटिश हवाई दलाचा मोठा तळ होता, त्याला सुरुवातीला तीन धावपट्ट्या होत्या. लंडनचं क्रॉयडन मात्र शेवटपर्यंत गवताचं राहिलं. १९२८ मध्ये तिथं त्या काळातली आदर्श समजली जाणारी इमारत उभी राहिली, युरोपभरची विमानं यायची, आणि १९५९ मध्ये ते बंद झालं तेव्हाही धावायची जागा गवतच होती. जड विमानं दुसरीकडं निघून गेली होती.

"आणि काकडीला किती रेघा?"

"एक. २,५०० मीटर लांब, ४५ मीटर रुंद."

तात्यांनी मनात भागाकार केला. त्यांची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. "अडीचशे साखळ्यांना दीडेक कमी," ते म्हणाले. "जुहूची?"

"मोठी धावपट्टी ३,७५० फूट."

"एकशे चौदाच्या आत. निम्मीसुद्धा नाही. एवढा फरक?"

"विमान मोठं झालं. शिवाय जुहू समुद्राच्या पातळीला, आपण जवळपास ६०० मीटर उंचीवर. वर हवा विरळ, त्यात वैशाखातलं ऊन. विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते, धाव वाढते."

"बरं. पण मग तीनाची एक का केली? वाऱ्याचं ऐकणं कमी केलंत तुम्ही."

हा आरोप मला लागला, कारण तो अर्धा खरा आहे. जड आणि वेगवान विमान बाजूचा वारा जास्त सोसतं, त्यामुळे एकाच रेघेवर भागतं. पण ती एक रेघ कुठून कुठं न्यायची हे ठरवताना वाऱ्याचं जेवढं ऐकलं जातं तेवढं कदाचित कशाचंच नाही. मी वहीचं कोरं पान काढलं आणि त्यावर वाऱ्याचं आरेखन काढून दाखवलं. मधे एक बिंदू, भोवती वर्तुळं, सोळा दिशा. कोणत्या दिशेनं किती दिवस, किती वेगानं वारा आला याच्या कित्येक वर्षांच्या नोंदी घ्यायच्या आणि त्या त्या दिशेला तेवढी पाकळी लांबवायची. मग त्यावर एक पट्टी ठेवून फिरवत राहायचं. ज्या दिशेला ठेवली असता किमान ९५ टक्के वेळ बाजूचा वारा सोसण्याइतकाच राहतो, ती धावपट्टीची दिशा.

तात्यांनी वही हातात घेतली. बराच वेळ बघत राहिले. गोल, मधला बिंदू, कडेला दिशा.

"हे तर खळंच आहे," ते म्हणाले. "हा तिवडा. आणि ही तुझी पट्टी म्हणजे उपणायला उभं राहायची वावडी. वारा फिरला की वावडी फिरवायची."

मी बारा वर्षं ही आकृती काढते आहे. माझ्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

पण खरी गंमत पुढं होती. धावपट्टीच्या टोकाला जो आकडा रंगवलेला असतो तो दिशेचा असतो, होकायंत्रावरच्या अंशांतला शेवटचा शून्य काढून. २७ म्हणजे २७० अंश, तोंड पश्चिमेला. त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकाला ०९, तोंड पूर्वेला. मी एकेक सांगत गेले आणि तात्या बोटं मोडत गेले. शिर्डी, ०९-२७. नाशिकजवळचं ओझर, ०९-२७. छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा, ०९-२७. मुंबईची मुख्य धावपट्टी, ०९-२७. पुण्याचं लोहगाव, १०-२८. जुहू, ०८-२६. राजाराम महाराजांच्या काळात १९३९ साली सुरू झालेलं कोल्हापूरचं उजळाईवाडी, ०७-२५. कुणी नागरी वाहतुकीसाठी, कुणी संस्थानानं, कुणी ब्रिटिश लष्करानं, कुणी भाविकांसाठी बांधलेलं. शंभरेक वर्षांचा पसारा. आणि रेघ जवळजवळ एकच, पूर्व-पश्चिम.

"मग रेघ ओढली कुणी?" तात्या म्हणाले. "तुझ्या इंजिनिअरांनी? का पश्चिमेच्या वाऱ्यानं? वडिलांनी पश्चिम मोकळी ठेवली, ती कुणाला विचारून?"

यावर मी काय बोलणार होते? बोलले मात्र, आणि अजूनही ते बरोबर होतं असं मला वाटतं.

"वाऱ्यानंच ओढली. पण वाऱ्यानं ओढलेली रेघ पुरत नाही. जुहू आणि सांताक्रूझ यांच्यात अंतर किती? दोन किलोमीटर. दोन्ही विमानतळांना तोच वारा, म्हणून दोन्हीकडे जवळजवळ एकाच दिशेची धावपट्टी. १९५३ च्या जुलैत ब्रिटिश कंपनीचं कॉमेट हे नवंकोरं जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. आखूड पट्टीवर कसंबसं थांबलं, आणि बाहेर काढायला नऊ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ ला तीच चूक जपानच्या विमानानं केली. ते डीसी-८ होतं, त्याहून मोठं. पट्टी संपली तरी थांबलं नाही, पुढं गेलं, पुन्हा कधी उडलं नाही. माणसं वाचली. दोन्ही वैमानिक शिकलेले, अनुभवी. वरून त्यांना काय दिसलं? समुद्र ओलांडल्यावर, अपेक्षित दिशेला, एक धावपट्टी. जमिनीनं आणि वाऱ्यानं सांगितलेलं सगळं बरोबर होतं. फक्त ठिकाण चुकीचं होतं."

अंधार पडत आला होता. तात्यांनी खाली पडलेलं एक चिपाड उचलून त्यानं मातीत दोन समांतर रेघा ओढल्या. त्यांच्याकडे बघत राहिले.

"शेजारी शेजारी दोन सारखे तुकडे," ते म्हणाले. "रुंदी सारखी, तोंड सारखं, पीकही सारखं. मालक दोन. असल्या ठिकाणी मोजणीला गेलं की मी आधी हद्दीचा दगड शोधायचो. दगड नसेल तर टिपण काढून बसवायचा. जमीन स्वतःचा नंबर सांगत नाही. तो आपण घालायचा असतो."

"पूर्वी मैदानावर चुन्यानं गावाचं नाव लिहायचे, ते त्यासाठीच."

"ते नाव म्हणजे आखणी." त्यांनी चिपाड टाकून दिलं. "हे मी मानतो. ते वाऱ्याला येत नाही."

रात्री जेवताना त्यांनी मला एकदम विचारलं की काकडीच्या पट्टीवर पडलेलं पावसाचं पाणी कुठं जातं. मला वाटलं विषय संपलाय. मी सांगितलं की धावपट्टीला मधून कडेला उतार असतो, दोन्ही बाजूंना चर असतात, पाणी एक मिनिटही थांबता कामा नये, नाहीतर चाक पाण्यावर तरंगत घसरतं. "ते कळलं. मग पुढं?" पुढचं गणित मी ताटातच केलं. अडीच हजार मीटर गुणिले ४५ म्हणजे १,१२,५०० चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर ५ कोटी ६० लाख लिटर. नुसत्या धावपट्टीवर, बाकीचं डांबर सोडून. तीस बाय तीस मीटरच्या, तीन मीटर खोल शेततळ्यात २२ लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. म्हणजे २५ शेततळी. सगळं हाती लागणार नाही, काही उडून जाईल, पण पंधरा तरी भरतील.

आमच्या भागात पाण्याचा शब्द साधा नसतो. निळवंडे धरणाच्या कालव्याची वाट बघत या पट्ट्यातल्या दोन-तीन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. डाव्या कालव्यात चाचणीचं पाणी सुटलं ते २०२३ च्या मे अखेरीस. त्यामुळे तात्यांनी हे विचारलं त्यात कुणावर बोट नव्हतं. ते मला रचनेबद्दलच विचारत होते. आमचं शास्त्र पाणी पट्टीवरून घालवायला शिकवतं, आणि ते आम्हाला उत्तम जमतं. घालवलेलं पाणी कुठं न्यायचं, हा प्रश्न नकाशाच्या कडेला संपतो. तात्यांचा नकाशा कडेला संपत नाही, कारण त्यांच्या आयुष्यात प्रत्येक गट नंबराच्या पलीकडं दुसरा गट नंबर होता आणि तिथला माणूस बांधावर येऊन उभा राहायचा. या बाबतीत ते माझ्यापेक्षा मोठे अभियंते आहेत. हे मी इथं लिहून ठेवते आहे, कारण त्या रात्री तोंडानं म्हटलं नाही.

झोपण्यापूर्वी मी वही काढून ते पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. 'नुसतं' खोडलं. 'आखणी नव्हती' तसंच ठेवलं. सकाळी तात्यांनी वही उघडून बघितली, खोडलेल्या शब्दावर बोट ठेवलं, आणि काही न बोलता चहा घेतला.

मग ते आतल्या खोलीत गेले आणि पोत्यात गुंडाळलेली साखळी घेऊन आले. एका टोकाची कडी झिजलेली, मधले काही दुवे गंजलेले, पण आण्याआण्याच्या खुणा जागेवर होत्या. "ते टपालाचं विमान केवढं होतं?"

"पंखांची रुंदी ३६ फूट ९ इंच."

"एक साखळी आणि दोन आण्याला किंचित कमी." ते उठले. "चल, धर."

सकाळी खळ्यावर दंव नव्हतं, पण जमीन गार होती. मी एक टोक धरून उत्तरेच्या कडेला उभी राहिले, तात्या दुसरं टोक घेऊन दक्षिणेकडं चालत गेले. साखळी ताणली, जमिनीला टेकवली, टोकाशी खडा ठेवला. तिथून पुढं कडेपर्यंत मोजलं. खळ्याचा व्यास भरला एक साखळी, चार आणे. म्हणजे ४१ फुटांच्या वर. पंख पसरून पस मॉथ या खळ्यावर उभं राहिलं असतं आणि दोन्ही टोकांना माणसाला चालायला जागा उरली असती.

मी हे सांगितल्यावर तात्या तिवड्याच्या खळग्याजवळ गेले. विमानाचा मध्य तिथं येईल असं धरून त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं, उत्तरेची कड, दक्षिणेची कड. "लांबी किती होती?"

"पंचवीस फूट."

"बारा आण्याच्या थोडी वर. शेपूट घराकडं." त्यांनी सहा आणे पश्चिमेला मोजून तिथं आणखी एक खडा ठेवला. नाकाचा. "आणि थांबायचं कसं, ब्रेक नव्हते म्हणालीस ना?"

"या विमानाला एक युक्ती होती. चाकांच्या दांड्यांवर पत्र्याचं आवरण असायचं. वैमानिक आतून ते आडवं फिरवायचा, मग वारा त्यावर अडायचा आणि वेग कमी व्हायचा."

"सूप आडवं धरतात तसं."

"अगदी तसंच."

ते नाकाच्या खड्याशी येऊन उभे राहिले, तोंड पश्चिमेला, आजोबांनी मोकळ्या ठेवलेल्या बाजूला. समोर माळ, त्यापलीकडं विमानतळाच्या कुंपणाची पुसट रेघ. एक पानही हलत नव्हतं. त्यांनी मूठभर बारीक माती उचलली, हात खांद्याइतका वर नेला आणि बोटं सैल केली. माती सरळ पायाशी पडली.

"आत्ता नाही," ते म्हणाले. "दुपारून सुटेल."

साखळी तशीच पसरलेली ठेवून आम्ही चहाचे कप आणायला घरात गेलो.